चिमणीने ओढलेलं तेल

घोडबंदर रोडचा आमचा फ्लॅट रीसेलचा. आधीच्या मालकांनी किचन ट्रॉल्या, ओट्यात बसवलेला गॅसचा हॉब आणि चिमणी तशीच सोडली होती. फ्लॅट दाखवताना एजंटने बटण दाबून दाखवलं, "ऑटोक्लीन आहे मॅडम, बघायलाच नको." लाइट लागत होता, आवाजही दणकून येत होता. पाडव्याला आम्ही राहायला आलो आणि त्याच दिवशी श्रीखंड-पुरीचा बेत केला. पुऱ्यांचे घाणे निघायला लागले तशी सासूबाईंची हाक आली, "अगं, इकडे ये, वरून काहीतरी टपकतंय."

चिमणीच्या पुढच्या कडेला तपकिरी थेंब लोंबत होता. एक आधीच हॉबच्या काचेवर, कढईपासून वीतभर अंतरावर पडला होता. गॅस बंद करून पुसायला गेले तर फडकं काचेला चिकटून बसलं. ते आमच्या पुऱ्यांचं तेल नव्हतंच. त्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं पडलेल्या फोडण्यांचं तेल होतं, आणि ते पेटत्या बर्नरच्या बरोबर डोक्यावर साठून राहिलं होतं. तळण तिथेच थांबवलं. उरलेल्या कणकेच्या पोळ्या लाटल्या, आणि चिमणी पूर्ण उघडून बघितल्याशिवाय तिच्याखाली तळायचं नाही असं ठरलं.

ठाण्यात चिमणी साफ करून देणारे पुष्कळ आहेत. बहुतेक जण फिल्टर धुतात, बाहेरून चकचकीत पुसतात आणि पैसे घेऊन जातात. मला पाइपापर्यंत जाणारा माणूस हवा होता. नौपाड्यातल्या मामेबहिणीने तिच्याकडचा मेकॅनिक सुचवला. फोनवर तो म्हणाला, "ताई, पाइप बघायचा तर फॉल्स सीलिंगला भोक पाडावं लागेल. लोक तयार होत नाहीत." मी म्हटलं, "दादा, तुम्ही या. पाडू भोक."

आल्याआल्या त्याने चिमणीचा प्लग काढला. नुसतं बटण बंद करून आत हात घालणाऱ्यांचा मलाही राग येतो, त्यामुळे माणूस बरा वाटला. मग खालचे दोन फिल्टर काढून वर्तमानपत्रावर ठेवले. आमचे बॅफल फिल्टर आहेत, म्हणजे स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींसमोर बसवलेल्या असतात. धूर आत शिरताना त्याला वळणं घ्यावी लागतात. हवा वळते, तेलाचे कण जड असल्यामुळे वळत नाहीत, ते पट्टीवर आपटतात आणि घरंगळत तेलाच्या वाटीत जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचे फिल्टर असतात त्यात तेल जाळीतच अडकतं, आणि आपल्या फोडणी-तळणीच्या स्वयंपाकाला ती जाळी लवकर तुंबते. फिल्टरलेस म्हणून विकतात त्या चिमणीत गरगर फिरणारा ब्लोअरच तेल बाजूला फेकतो. प्रकार कुठलाही असो, तेल शेवटी कुठेतरी साठतंच.

आमच्या चिमणीत ते वाटीत काठोकाठ साठलं होतं. वाटीची जागा पुढच्या कडेच्या मागे, वाकून आरशात बघितल्याशिवाय दिसत नाही अशी. ती भरून वाहायला लागली होती, म्हणून थेंब. हे सगळ्यात साधं कारण निघालं. मी मेकॅनिकला विचारलं, मग ऑटोक्लीन काय करतं? त्याने ब्लोअरवरचं झाकण उघडून बोट ठेवून दाखवलं. हीटर ब्लोअरच्या भोवती असतो. तो तापला की तिथलं तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. तेही ताजं असेल तर. वर्षानुवर्षं हवा आणि उष्णता खाल्लेलं तेल घट्ट होऊन धातूला धरतं, ते हीटरने सुटत नाही, खरवडावंच लागतं. फिल्टर त्या हीटरच्या टप्प्यात येत नाहीत आणि वरचा पाइप तर मुळीच येत नाही. शिवाय वाटी भरलेली असताना ऑटोक्लीन लावलं तर उतरणाऱ्या तेलाला जागाच नसते. ऑटोक्लीन आहे म्हणजे साफसफाईची कटकट नाही, असं दुकानातही सांगतात, आणि हे ऐकून घरोघरी चिमण्या उघडल्याच जात नाहीत. मला यात फार मोठा धोका दिसतो.

पाइप निघाला तेव्हा तर सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या. फॉल्स सीलिंगच्या वर वेटोळ्यांचा, पातळ पत्र्याचा लवचिक पाइप टाकलेला होता. त्याला मध्ये आधार नव्हता, त्यामुळे तो झोळ पडून खाली आला होता आणि त्या झोळात काकवीसारखं काळपट तेल साचलं होतं. मेकॅनिकने पाइप हळूच तिरका केला तशी खालच्या घमेल्यात त्याची जाड धार लागली. पुढे हा सहा इंची पाइप चार इंची पीव्हीसीत घुसवून, टेप गुंडाळून, बाथरूमच्या प्लंबिंग शाफ्टमध्ये मोकळा सोडलेला होता.

यात काय काय चुकीचं होतं ते मेकॅनिकने एकेक करून सांगितलं. पाइप मध्येच बारीक केला की हवा अडते, वेग मंदावतो, आणि तेल बाहेर जायच्या ऐवजी आतच बसतं. प्रत्येक वळणावर तेच होतं. आतून वळ्या असलेल्या पाइपात प्रत्येक वळीत थोडं तेल राहतं. आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. खाली कढईने पेट घेतला आणि ज्योत फिल्टरपर्यंत पोचली, तर चालू चिमणी तिला वर ओढणार, झोळातलं तेल पेटणार आणि त्याच्या पुढे प्लास्टिकचा पाइप, तोही सगळ्या मजल्यांना जोडणाऱ्या शाफ्टमध्ये. आमच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जायला तयार रस्ता होता तो.

नवा पाइप सहा इंचीच, आतून गुळगुळीत, पत्र्याचा घेतला. तो शाफ्टकडे न नेता स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या झरोक्यातून सरळ बाहेर काढला. एकच वळण आलं. बाहेरच्या टोकाला हवेने उघडणारी झडप बसवली, म्हणजे पारवे आत घर करत नाहीत. ठाण्यात हा त्रास मोठा आहे, आणि तेलकट पाइपात वाळक्या काटक्यांचं घरटं म्हणजे काय होईल ते सांगायला नको. पाइपाला बाहेरच्या बाजूला जरासा उतार दिला. फॉल्स सीलिंगला जिथे भोक पाडलं तिथे आता उघडता येणारं झाकण आहे. इंटिरियरवाल्याला ते दिसायला बरं वाटलं नाही. मला ते हवंच होतं, कारण ज्या पाइपाला हात पोचत नाही तो कधीच साफ होत नाही.

मग त्याने टेप काढून उंची मोजली. आधीच्या मालकांनी जुन्या ओट्यावर नवा ग्रॅनाइट चढवला होता, त्यामुळे ओटा वर आला आणि चिमणी होती तिथेच राहिली. बर्नरपासूनचं अंतर जेमतेम बावीस इंच. आपल्याकडच्या बहुतेक चिमण्यांच्या माहितीपुस्तिकेत २६ ते ३० इंच दिलेलं असतं. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे असेल ते धरायचं. फार वर नेली तर धूर बाजूने निसटतो, फार खाली आणली तर आच थेट फिल्टरला लागते. चिमणी वर सरकवली, भिंतीत नवे फास्टनर मारले. इतका वेळ लागला की मेकॅनिकचं दुपारचं जेवण आमच्याकडेच झालं.

फिल्टर मात्र मीच धुतले आणि अजूनही मीच धुते. मोठ्या टबात कढत पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि दोन मुठी खायचा सोडा घालून ते बुडवून ठेवते. तासाभराने जुन्या टूथब्रशने पट्ट्यांच्या फटी घासते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल त्यांनी कॉस्टिक सोड्याच्या वाट्याला जाऊ नये. तो अ‍ॅल्युमिनियम खातो, जाळी काळी पडते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. स्वयंपाकघरात तो नकोच. धुतल्यावर फिल्टर गॅलरीत उभे करून खडखडीत वाळवते, मगच बसवते. ज्यांच्या चिमणीला पाइपच नाही, कोळशाचा फिल्टर लावून हवा पुन्हा घरातच सोडलेली आहे, त्यांच्यासाठी एक सांगते. तो कोळसा सहसा धुऊन वापरायचा नसतो, बदलायचा असतो. तोही तेल पितो.

हे काम चालू असतानाच एप्रिलमध्ये सोसायटीत अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अनेक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ठाणे महापालिकेच्या दलाचे लोक खाली पार्किंगच्या मोकळ्या जागेत कढई, शेगडी, सगळं मांडून आले होते. शाळकरी मुलं पुढे, आम्ही बायका मागे. पुरुष मंडळी फार नव्हती. असायला हवी होती, कारण रात्री उशिरा घरी येऊन अंडं-ऑम्लेट करणारे तेच असतात.

अधिकाऱ्यांनी कढईत तेल पेटू दिलं. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० च्या आसपास धूर सोडायला लागतं, आणि ३०० अंशांच्या बरंच पुढे गेलं की बाहेरची ज्योत न लागताही आपोआप पेट घेतं. धूर आणि पेट यांच्या मधली वेळ मोठ्या आचेवर फार नसते. "धूर दिसला की तेल तुम्हाला सांगतंय," ते म्हणाले, "तेव्हा गॅस बंद करा. पेटल्यावर नाही." मग लांब दांड्याला बांधलेल्या पेल्यातून कढईत पाणी ओतलं. ज्योतीचा लोळ दोन पुरुष उंच गेला, पुढची मुलं किंचाळत मागे सरकली. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं, तिथे क्षणात वाफ होते, वाफ पाण्याच्या १७०० पट जागा घेते आणि वरचं जळतं तेल चहूकडे उडवते. आपल्या ओट्यावर हे झालं तर तो लोळ सरळ चिमणीत जाईल, हे त्या क्षणी तिथल्या प्रत्येकीला कळलं असणार.

दुसऱ्यांदा पेटवली तेव्हा त्यांनी आधी गॅसचा कॉक बंद केला, मग कढईपेक्षा मोठी थाळी आपल्या बाजूच्या काठावर टेकवून पुढे सरकवली. आग विझली. थाळी मात्र उचलू दिली नाही. तेल गार होण्याआधी हवा लागली तर ते पुन्हा पेटतं. कढई उचलून सिंकमध्ये किंवा गॅलरीत न्यायची नाही, काही झालं तरी नाही. घरी मूठभर सोडा लहानशा ज्योतीवर चालतो, कढईभर आगीला पुरत नाही. मैदा, बेसन, पीठ कधीच टाकायचं नाही, ते स्वतः पेटतं. ओलं फडकं टाकायची आपली जुनी सवय आहे, पण पाणी गळणारं फडकं तेलात गेलं तर मघाचाच प्रकार. झाकण सगळ्यात चांगलं, तेही धातूचं. काचेचं तडकू शकतं.

मी चिमणीबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. ओट्यावर आग लागली तर चिमणी लगेच बंद, कारण तिचा पंखा ज्योत वर ओढतो. पण त्यासाठी आगीवरून हात न्यायचा नाही. आता आमच्या चिमणीचं बटण तिच्या तोंडावरच, आणि हल्लीच्या चिमण्यांना तर समोर हात हलवून बंद करायची सोय असते, म्हणजे हात नेमका ज्योतीच्या वर जाणार. आणि आग पाइपात शिरलीच तर फिल्टर काढून बघायला जायचं नाही. गॅस आणि मेन स्विच हाताला लागत असेल तरच बंद करायचा, सगळ्यांना बाहेर काढून स्वयंपाकघराचं आणि घराचं दार ओढून घ्यायचं, जिन्याने उतरायचं आणि १०१ ला फोन करायचा. मजल्यावरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरबद्दलही त्यांनी सांगितलं. पॅसेजमध्ये असते ती पावडर, तिचा जोरदार झोत जवळून कढईवर मारला तर तेल उडतं. तळणीच्या तेलासाठी वेगळं रसायन असलेलं, एफ वर्गाचं यंत्र मिळतं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून चिमणीचा वेगळा स्विच स्वयंपाकघराच्या दाराजवळ आणला. पाइप गॅसचा कॉक आधीच्या इंटिरियरमध्ये ट्रॉलीच्या मागे गाडला गेला होता, ट्रॉली काढल्याशिवाय हात जात नव्हता. सुताराने ट्रॉलीची मागची पाठ कापून तो मोकळा करून दिला. मोठं स्टीलचं ताट ओट्याच्या कडेला, फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर लटकवलं. ते दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचं नाही, असं घरात सांगून ठेवलंय. आणखी एक, माझ्या नवऱ्याला समजवायला वेळ लागला ते: गॅसचा वास आला तर तो बाहेर काढायला चिमणी लावायची नाही. स्विचच्या ठिणगीने भडका होऊ शकतो. आधी कॉक बंद, मग खिडक्या उघडायच्या, विजेच्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही.

आषाढ लागला तसा आखाड तळायचा विषय निघाला. सासूबाईंच्या माहेरी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कापण्या झाल्याच पाहिजेत. बाहेर धो धो पाऊस, खिडकीची एकच फट उघडी. चिमणीला बाहेरून हवा मिळाली तरच ती धूर ओढू शकते, म्हणून ती फट ठेवायचीच. कढई ठेवायच्या आधी चिमणी लावली आणि तळण संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवली. कढई मागच्या बर्नरवर घेतली, तिथे धूर चिमणीच्या बरोबर मध्ये जातो आणि सासूबाईंच्या नातवाचा हातही पोचत नाही. तेल कढईच्या निम्म्याहून कमीच. आधीच्या तळणाचं काळं पडलेलं तेल त्यात मिसळलं नाही, जुनं तेल लवकर धूर सोडतं. सासूबाई तळत होत्या, मी लाटत होते. मध्येच फोन वाजला तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग फोन घेतला.

सगळ्यात जपायला लागते ती मात्र मोठी कढई नसतेच, फोडणीची पळी असते. चमचाभर तेल मोठ्या आचेवर डोळ्याचं पातं लवायच्या आत धुरावर येतं, आणि मोहरी शोधण्यात तेवढा वेळ सहज जातो. म्हणून आमच्याकडे मोहरी, हिंग, कढीपत्ता हाताशी घेतल्याशिवाय पळी गॅसवर चढत नाही. भरताचं वांगं हा दुसरा प्रश्न. मोकळी ज्योत चिमणीखाली ठेवायची नाही असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि वांग्याला तेलाचा हात लावून मोठ्या बर्नरवर भाजलं तर ज्योत दोन्ही बाजूंनी वर चढते. आता ते सगळ्यात लहान बर्नरवर, बारीक आचेवर, वांग्याच्या बाहेर ज्योत येणार नाही असं भाजते. वेळ लागतो. चव तीच येते.

फिल्टर महिन्यातून दोनदा, सणाच्या तळणानंतर लगेच. वाटी दर रविवारी, आणि ऑटोक्लीन लावायच्या आधी हमखास. कालनिर्णयावर खूण करून ठेवते. पाइपाचं झाकण वर्षातून एकदा, दिवाळीच्या फराळाच्या आधी, मेकॅनिककडून उघडून घ्यायचं ठरवलं आहे. वाटीतलं तेल सिंकमध्ये ओतत नाही, वर्तमानपत्रात मुरवून कचऱ्यात टाकते.

राहिला प्रश्न शाफ्टचा. आम्ही पाइप काढला तेव्हा तिथे टॉर्च मारून बघितलं, तर वरखाली बऱ्याच फ्लॅटचे तसेच पाइप उघडे सोडलेले दिसले, भिंतीवर तेलाचे ओघळ. मी फोटो काढून सेक्रेटरी काकांना दाखवले. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. त्यात पंप, होज, पाण्याची लाइन, अलार्म तपासतात. तुमच्या ओट्यावरच्या चिमणीचं फिल्टर कुणी काढून बघत नाही. जुलैत एजन्सीचा माणूस आला तेव्हा काकांनी त्याला मुद्दाम शाफ्ट दाखवली. त्याने शाफ्ट मोकळी आणि साफ करायला सांगितलं. कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये ठराव केला की इंटिरियरच्या एनओसीमध्ये चिमणीचा पाइप शाफ्टमध्ये सोडायचा नाही ही अट राहील, आणि जुने पाइप ज्याचे त्याने बाहेर वळवायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना खर्चाची काळजी होती. शेजारच्या दोन घरांनी आणि आम्ही मिळून एकाच मेकॅनिकला सगळं काम एकत्र दिलं, त्यामुळे त्याने दर कमी केला. त्यांचं काम गणपतीच्या आधी होतंय. वरच्या तीन मजल्यांचं अजून व्हायचं आहे, त्यांच्या मागे काका लागलेत आणि मीही.